राणी केमालाचा आवाज

रज्जब, पहिला शुक्रवार

आज भर दरबारात मी बोलले. म्हणजे बोलल्या तुआन्कूच, आमच्या राणीसाहेब; आवाज तेवढा माझा.

ईशान्येचे वारे सुटल्यापासून त्यांचा घसा धरला आहे. शेजारी बसलेल्या मला ऐकू येईल इतकाच आवाज निघतो. पिवळ्या पडद्यापलीकडे मंडपात काहीच पोचत नाही. चाळीस वर्षं झाली, रेंगास बंदराने आपल्या राणीला पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे. आवाजच गेला तर राहिलं काय? सकाळी मुख्य प्रधान तुन जेनाल आत आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला बोलायला लावा. ही तुमची नक्कल करते म्हणे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा समुद्रावरून परतला नाही तेव्हापासून मी महालात आहे. तुआन्कूंना संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवणं हे माझं काम. नक्कल मी करायचे ती स्वयंपाकघरातल्या बायकांपुढे, दार लावून.

"कर बघू," तुआन्कू म्हणाल्या.

मी मान वर केली, डोळे अर्धे मिटले आणि म्हटलं, "कोण आहे रे तिकडे? पुढे ये. माझे कान म्हातारे झालेत, डोकं नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मी इतकी खडूस आहे?"

"याहून जास्त," मक तिजा म्हणाली. असं बोलायची हिंमत तिच्यातच. मक तिजा ही तुआन्कूंची दाई. सत्तरी ओलांडली तरी सगळा महाल तिला वचकून असतो.

दरबारात दोन मेहुण्यांचं भांडण आलं. दुरियानचं झाड एकाच्या अंगणात, फांद्या दुसऱ्याच्या. खाली पडलेली फळं कोणाची? तुआन्कू माझ्या कानाशी पुटपुटल्या आणि मी मोठ्याने म्हटलं, "दोघांनी झाडाखाली झोपा. ज्याच्या डोक्यात पडेल, फळ त्याचं." सारा मंडप खदखदला. मग मी पुढचं सांगितलं, "फळं निम्मी निम्मी. आणि हे भांडण पुन्हा माझ्यापर्यंत आलं तर झाड माझं." दोघांनी कपाळ जमिनीला टेकवलं. मला आतून काहीतरी फुलल्यासारखं वाटत होतं. ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

बाहेर आल्यावर मक तिजाने मला कोपऱ्यात ओढलं. "पुढच्या शुक्रवारी तुझाही घसा बसू दे."

"का गं?"

"बसू दे म्हटलं ना, पोरी."

हेवा वाटला असणार तिला. इतकी वर्षं सेवा केली तिने, आणि तुआन्कूंच्या कानाशी बसायचा मान मला.


रज्जब, मंगळवार

आज पहाटे तुआन्कू उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही चटई ओली का आहे?"

मी हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत.

"आदिक येऊन गेला," त्या म्हणाल्या. "पाय पुसत नाही मेला. कितीदा सांगितलं, नदीवरून आलास की पाय पूस."

आदिक म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचा धाकटा भाऊ राजा बुजांग त्यांच्या राज्याच्या पहिल्या वर्षीच गेला. रेंगासमध्ये पोराटोरांनाही ती गोष्ट माहीत आहे. त्याने बहिणीच्या गादीवर डोळा ठेवला, आणि बहिणीने पडद्याआडून हुकूम सोडला, याला नदीत बुडवा. राजरक्त जमिनीवर सांडायचं नाही, म्हणून नदीत. सोळा वर्षांचा होता. त्यानंतर चाळीस वर्षं कोणी गादीकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. लहानपणी मी घाबरून रडायला लागले की आई म्हणायची, गप्प बस, राणी ऐकेल.

मी मक तिजाला विचारलं, "खरंच असं सांगितलं होतं का गं त्यांनी?"

ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. "लोकांनी ऐकलं ना? मग झालं तर."

दुपारी मी ती चटई उन्हात टाकली. उगाच. कोरडीच होती.


रज्जब, चौथा शुक्रवार

तुआन्कूंना आता दिवस आणि वार कळत नाहीत. मध्येच शुद्धीवर येतात, हिशेबी बोलतात, पुन्हा हरवतात. सकाळभर एकच घोकत होत्या, "मी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं." मला वाटलं औषध नको म्हणताहेत. मी वाटी बाजूला ठेवली. तरी चालूच. शेवटी मक तिजाने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हळूच ठेवला, पण ठेवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी पाणी आणायला गेले.

दरबाराच्या आधी तुन जेनाल म्हणाले, "त्यांना झोपू दे. मी तुला सांगतो तेवढं बोल."

"त्यांना न विचारता?"

"बाई, गेली पंधरा वर्षं त्या जे बोलतात ते आदल्या दिवशी आमच्या दोघांच्या विचारानेच ठरतं. तू फक्त बोल."

हे पटण्यासारखं होतं. कामंही साधीच होती. गाळ उपसायचा, मशिदीच्या छपराला नवी पाती घालायची. मी बोलले. शेजारी गादीवर तुआन्कू लोडाला टेकून झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

शेवटी शहाबंदर उभा राहिला. मेगत अलांग. बंदरात येणारं प्रत्येक जहाज याच्या हाताखालून जातं. उन्हाने कोळसा झालेला माणूस, आवाज वादळात नांगर टाकायला सांगितल्यासारखा. म्हणाला, "तुआन्कू, हा चौथा शुक्रवार. तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

लोक हसले. तुन जेनालनी मला काहीच सांगितलेलं नव्हतं. शांतता लांबत चालली. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्यावर रागवायला दम लागतो, अलांग. तो साठवतेय."

हशा पिकला. मेगत अलांग मात्र हसला नाही. त्याने फार खाली वाकून नमस्कार केला आणि बसला.

मागून तुन जेनाल माझ्यावर धावून आले. "हे कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही. मला कळलंच नाही. तोंडातून गेलं."

ते खरंच आहे. मला सुचलं असतं तर मी अडखळले असते.


शाबान, पहिला बुधवार

माझी खोली बदलली. आता तुआन्कूंच्या खोलीला लागून आहे. दाराशी दोन भालेवाले असतात. तुन जेनाल म्हणाले, मानाची खोली आहे, मानाचे पहारेकरी. परवा भावाला भेटायला नदीमुखाच्या गावी जायचं होतं, तर पहारेकरी म्हणाला, आज नको, वाट चिखलाची आहे. काळजी घेतात हो. सुंगकेटचं जरीचं वस्त्र दिलं आहे मला. मक तिजाने ते बोटात धरून पाहिलं आणि म्हणाली, "मलाही असंच दिलं होतं. निळं होतं."

"कधी? कशाबद्दल?"

"आहे अजून पेटीत. कधी नेसले नाही."


शाबान, रविवार

गेल्या तुआन्कू.

पहाटेची बांग होत होती. मी आणि मक तिजा दोघीच जवळ होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत इतका जोर कुठून आला होता कोण जाणे. डोळे स्वच्छ होते. म्हणाल्या, "मी पडद्याआड बसले होते. आवाज दुसऱ्याचा होता."

मला वाटलं, त्यांना कळलं. आम्ही त्यांना न विचारता बोललो ते कळलं. मी रडत म्हटलं, "हो तुआन्कू. मीच बोलत होते. माफ करा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती सोपं असतं गं, गप्प बसणं." आणि मान मक तिजाकडे वळवली. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तिथेच गेल्या.

तुन जेनाल आले. त्यांनी आधी दार लावलं. "कोणी रडायचं नाही."

"माती कधी द्यायची?" मक तिजाने विचारलं.

"गादीवर दुसरं कोणी बसल्याशिवाय पहिल्याला माती देत नाहीत. रीत माहीत आहे तुला."

"मग बोलवा तिच्या भाचीला. वरच्या गावाला माणूस धाडा. संध्याकाळपर्यंत येईल पोरगी."

"ते मी बघतो."

"बघतो म्हणजे? कापराचा वास किती दिवस पुरणार आहे? हिला पहिली आंघोळ मी घातली जेनाल, शेवटचीही आजच घालणार. तू कोण अडवणारा?"

तिने त्यांना नुसतं नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. ते चिडले नाहीत. तिच्याकडे नुसतं बघून हसले.


शाबान, सोमवार

आतल्या खोलीत त्यांना कापरात आणि पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवलं आहे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असं प्रधान म्हणतात. भाचीला आणायचं तर नदीची वाट आधी सुरक्षित करावी लागेल, बंडाळी होऊ शकते. राज्य सांभाळणारा माणूस असा चारी बाजूंनी विचार करतो.

मक तिजा सकाळपासून दिसली नाही. विचारलं तर कळलं, पहाटेच बहिणीच्या गावाला गेली. दु:ख सहन झालं नसेल. पण मला न सांगता? आणि पानाचा डबा इथेच विसरली. पान तोंडात असल्याशिवाय तिला शब्द सुचत नाही! कोणाबरोबर तरी पाठवून द्यायला हवा. पहारेकऱ्याला म्हटलं तर तो जमिनीकडे बघत राहिला.


शाबान, शुक्रवार

आज गादी रिकामी, आणि तिच्याशेजारी खालच्या पाटावर मी. पडद्याचा पिवळा उजेड सगळ्यावर. पलीकडे माणसं खोकत होती, पानं चघळत होती, कुजबुजत होती. नौबत झडली. ती फक्त राजाच्या जिवंत कानांसाठी झडते.

मी बोलायला लागले. सगळं नीट गेलं. नीट गेलं म्हणजे काय ते लिहिते. पहिली दोन वाक्यं मी प्रधानांनी दिलेली बोलले. तिसऱ्यापासून मला आठवावं लागलं नाही. मान आपोआप वर जात होती. एक म्हातारा कोळी पोराला जातीबाहेरची बायको नको म्हणून आला होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाने तुझ्या आईला कुठून आणलं होतं, सांगू का सगळ्यांना?" मला त्याच्या बापाचं काय माहीत? काहीच नाही. पण म्हातारा थरथरत खाली बसला आणि म्हणाला, "नको तुआन्कू, मी ऐकतो तुमचं."

संपल्यावर तुन जेनाल पडदा बाजूला करून आत आले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला नेले. मग त्यांच्या लक्षात आलं. हात झटकन खाली घेतले. चेहरा राखेसारखा.

"पुन्हा असं बोलायचं नाही," ते म्हणाले.

"असं म्हणजे कसं?"

"तिच्यासारखं."

"तुम्हीच तर सांगितलंत, तिच्यासारखं बोल म्हणून."

ते निघून गेले. मी माझ्या खोलीत आले तर उंबऱ्यापासून माझ्या अंथरुणापर्यंत चटई ओली होती. हात लावून पाहिला. ओली. छपरातून गळावं तर चार दिवस आभाळ कोरडं आहे. पाण्याला नदीच्या गाळाचा वास होता.


शाबान, शनिवार

रोज संध्याकाळी मी तुआन्कूंच्या दाराशी बसून मोठ्याने वाचते, नेहमीसारखंच. सवय आहे. आज वाचता वाचता थांबले, तर आतून कोणी तरी "हं, पुढे?" म्हणेल असं वाटलं. कोणी म्हटलं नाही. मीच म्हटलं, त्यांच्या आवाजात. आणि पुढे वाचलं.

मला माझा आवाज आठवत नाही. एकटीच असताना "सलासिह" असं स्वत:चं नाव घेऊन बघते. तुआन्कू हाक मारतात तसंच ऐकू येतं.


शाबान, सोमवार

आज पानाचा डबा उघडला. कात सुकून गेला आहे, चुना तडकला आहे. एक पान लावून खाल्लं, आणि खाता खाताच आठवलं.

मक तिजाला बहीण कुठली? ती चार वर्षांची असताना बेटांवरून लुटून आणलेली पोर. तिला आईबापांची नावंही माहीत नव्हती. तिनेच मला सांगितलं होतं, "माझं गोत म्हणजे ही केमाला."

हे मला त्याच दिवशी कसं सुचलं नाही? खोटं कशाला लिहू. सुचलं असेल. सुचू दिलं नाही मी. माझ्या अंगावर जरीचं वस्त्र होतं.

चटई कोणाच्या पायांनी ओली होते आहे, ते मला आता विचारायचं नाही.


शाबान, बुधवार

तुन जेनाल पुढच्या दरबाराचे शब्द घेऊन आले. रमजानचा चंद्र दिसायच्या आत सगळं उरकायचं आहे म्हणे. दोन हुकूम आहेत. पहिला, शहाबंदर मेगत अलांगने भाचीशी संधान बांधून बंड करायचं ठरवलं, म्हणून मंडपासमोरच त्याला कट्यारीने मारावं. दुसरा, गादी तुन जेनालच्या नातवाला द्यावी. नातू पाच वर्षांचा आहे.

"त्याने खरंच बंड केलंय?" मी विचारलं.

"काल त्याला धरलाय. तो रोज विचारत होता, मक तिजा कुठे आहे. फार विचारतो तो माणूस."

"मी नाही बोलणार हे."

त्यांनी आवाज चढवला नाही. खाली बसले, मक तिजाच्याच डब्यातलं पान घेतलं. म्हणाले, "ऐक. तुला वाटतं तू पहिली आहेस? माझे वडील प्रधान होते तेव्हा केमाला अठरा वर्षांची होती. गादीवर बसून महिना झाला नव्हता. भाऊ लोकांचा लाडका. वडिलांनी तिला सांगितलं, हुकूम दे. ती म्हणाली, नाही देणार. मग त्यांनी दाईला शेजारी बसवलं आणि दाई बोलली. अगदी केमालासारखा आवाज काढायची तिजा, केमाला तिच्याच अंथरुणात वाढलेली. केमालाने फक्त एकदा पडदा बाजूला करून ओरडायचं होतं. नाही ओरडली. घाबरली असेल, किंवा बरंच वाटलं असेल. पोरगा बुडाला. आणि मग बघ, कसं राज्य केलं! लोकांना धाक बसला तो त्या एका हुकमाने. चाळीस वर्षं पुरला." ते उठले. "तुझा भाऊ नदीमुखाच्या गावी राहतो ना? त्याला मुली आहेत ना दोन?"

ते गेल्यावर मी मक तिजाचा डबा बंद केला. एकीने बोलून पाप केलं, एकीने गप्प बसून. आणि पुढे दोघी चाळीस वर्षं एकाच छताखाली. एक पान लावायची, दुसरी खायची. मक तिजाने का म्हटलं होतं, तुझा घसा बसू दे, ते आत्ता कळलं. आणि मला वाटलं होतं, हेवा.


शाबान, गुरुवार

दिवसभर तुआन्कूंच्या दाराशी बसले. कापूर आता पुरत नाही. बायका धूप जाळतात आणि तोंड फिरवून निघून जातात.

मी त्यांना विचारलं, काय करू? उत्तर आलं नाही. आज एकदाही आलं नाही. इतके दिवस माझ्या तोंडात बसलेली ती बाई नेमकी आजच गप्प. मला राग आला. ओरडून म्हटलं, "तेव्हाही गप्प बसलात आणि आत्ताही!" बाहेरच्या पहारेकऱ्यांनी भाले टाकले. त्यांना वाटलं राणीच ओरडली.

भाऊ, वहिनी, पोरी. त्यांची तोंडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मला मरायची भीती वाटते. फार वाटते.


शाबान, शेवटचा शुक्रवार

बोलले.

सगळं लिहून काढते.

मंडप गच्च भरला होता. मेगत अलांगला हात बांधून पुढे बसवला होता. कट्यारवाला त्याच्यामागे उभा. नौबत थांबली. तुन जेनाल पडद्याला अगदी चिकटून बसले होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "मेगत अलांग."

"हुकूम, तुआन्कू," तो म्हणाला. त्याही वेळी आवाज खणखणीत.

"तुझ्यावर रागवायचं राहून गेलं. आता वेळ नाही. याचे हात सोडा."

कोणी हललं नाही. तुन जेनाल दातांत म्हणाले, "काय बोलतेस!"

मी मान वर केली. यावेळी ती आपोआप गेली नाही, मी केली. "माझी भाची मांदाक हिला वरच्या गावाहून आणा. गादी तिची. माझी दाई तिजा हिला नदीत बुडवलं आहे, कोणी ते प्रधानांना विचारा. आणि मला माती द्या. दोन शुक्रवार झाले मला जाऊन. वास येत नाही का तुम्हाला? मी मेले आहे."

मग तुन जेनाल मोठ्याने हसले. "तुआन्कू थट्टा करताहेत!" म्हणाले. त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही.

मेगत अलांग उठला. कट्यारवाल्याने त्याला अडवलं नाही. कट्यारवाल्याच्या हातातून कट्यार केव्हाच गळून पडली होती. चाळीस वर्षांत त्या पडद्याला बाहेरच्या माणसाचा हात लागला नव्हता. त्याने बांधलेल्या दोन्ही हातांनी तो धरला आणि ओढला. कापड फाटत खाली आलं. रिकामी गादी, आणि पाटावर मी, तोंड उघडं. मागचं दार उघडं होतं, आतून वास आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले आणि मग आक्रोश सुरू झाला, जो दोन आठवड्यांपूर्वी व्हायला हवा होता.

तुन जेनालना पळायला कोणी वाट दिली नाही. त्यांचे स्वत:चे भालेवाले गुडघ्यांवर बसले होते, गादीकडे तोंड करून. मी सारखं सांगत होते, "मी राणी नाही हो, मी सलासिह आहे." जितकं सांगावं तितके ते जास्त वाकत होते.


रमजान, दुसरा दिवस

भाची आली. गादीवर बसली, आणि त्याच संध्याकाळी तुआन्कूंना माती दिली. आंघोळ मी घातली. मक तिजाच्या पेटीतून निळं जरीचं वस्त्र काढलं, घडी न मोडलेलं. वाटलं होतं वर पांघरावं. नाही पांघरलं. नदीत सोडून दिलं. मक तिजाला जिथे बुडवलं ती जागा तुन जेनालनी दाखवली होती, पण पाण्याने तिला तोवर कुठे नेलं कोण जाणे. त्यांना बेटावर हद्दपार केलं आहे. नव्या राणीने पडदा पुन्हा लावायला सांगितलं नाही. मला म्हणाली, "तू राहशील माझ्याजवळ?" तोंडावर घट्ट हात ठेवून मी नकाराची मान हलवली. तिला ते उद्धट वाटलं नाही, असं वाटतं.


शव्वाल, ईदनंतरचा आठवडा

भावाच्या घरी आहे. इथे चटया कोरड्या असतात. रोज सकाळी हात लावून बघते.

मी फारसं बोलत नाही. भावाला वाटतं, धक्का बसला आहे, होईल बरं. खुणा करते, हसते, जाळी विणते. आज संध्याकाळी धाकटी पोर मांडीवर येऊन बसली. "आत्या, गोष्ट." मी मान हलवली. "एकच." मी पुन्हा मान हलवली तर ती रडायला लागली. तिला उगी करायला म्हणून मी सांगायला लागले. हळू, अगदी हळू. समुद्रातल्या राजकन्येची गोष्ट. पोर ऐकता ऐकता शांत झाली.

वहिनी बाहेर तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. ती दारात आली, सूप खाली ठेवलं आणि जमिनीवर बसली. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, मान खाली. ही वहिनी लग्नात मला चिमटे काढणारी, परवापर्यंत "जाळी विणतेस की गुंता करतेस?" म्हणून टोमणे मारणारी.

"वहिनी, ऊठ," मी म्हटलं. "मी आहे."

ती उठली नाही. आणखी खाली वाकली.